टर्बो लावलास, पण पेट्रोलचं काय?

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या! सुट्टीत बीडला गेलो, तर मामेभावाने जुन्या पेट्रोल कारला टर्बो बसवलेला. म्हणे, "ट्रॅक्टरला चालतो, मग हिला का नाही?" मांजरसुंबा घाटात पिस्टनला भोक पडलं. मामांचे पैसे पाण्यात!

अरे, डिझेलला जादा हवा चालते, पेट्रोलला नाही. एरवी 1 किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते. टर्बोच्या दाबाखाली 12 किलोच्या आसपासच हवी. याचे पंप, इंजेक्टर जुनेच! पेट्रोल कमी पडलं, नॉकिंग झालं, पिस्टन वितळला.

माझं स्पष्ट मत : आधी मोठे इंजेक्टर, पंप आणि ईसीयू ट्यूनिंग, मगच टर्बो. तेवढं बजेट नसेल तर गाडी आहे तशी चालवा. घाट काय पळून जात नाही!