फिरता कॅमेरा कोणाकडे पाहतो?



बाजार समितीच्या आवारात उंच खांबावर गोल घुमटाचा फिरता कॅमेरा बसला, फीत कापली गेली, फोटो छापून आला, की संचालक मंडळ म्हणते, आता काट्यावर गडबड होणार नाही. पीटीझेड म्हणतात त्याला. डावीकडे-उजवीकडे फिरतो, वर-खाली मान करतो आणि लांबचे जवळ आणून दाखवतो. आपण शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारी माणसे, त्यामुळे कॅमेऱ्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. उलट काट्यावर कॅमेरा हवा ही मागणी आपणच केली पाहिजे. प्रश्न एवढाच, की तो कुठला हवा, कुठे हवा आणि त्याची किल्ली कोणाच्या हातात?

आधी पैशाचा हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये क्विंटल होती. म्हणजे किलोला ८१ रुपये. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का भाव कापते आणि १२ च्या वर माल परत. ओलावा मोजायच्या यंत्रावर ८ ऐवजी ९ वाचले गेले, तर वीस क्विंटलच्या गाडीला १,६२२ रुपये गेले. भुईकाट्यावर रिकाम्या गाडीचे वजन करताना दोन माणसे कोपऱ्यात उभी राहिली, तर १२० किलो कापूस हवेत, ९,७०० रुपयांच्या वर. यातले काहीही अंधारात घडत नाही. दिवसाढवळ्या, चार लोकांच्या देखत घडते. नसतो तो पुरावा.

मग खांबावरच्या फिरत्या कॅमेऱ्याने हा पुरावा मिळेल का? विकणारा सांगतो, पंचवीस पट झूम आहे, लांबच्या गाडीचा नंबर वाचून दाखवतो. खरे आहे, दाखवतो. पण ज्या वेळी तो नंबर वाचतो त्या वेळी बाकीच्या आवारात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० ठिपक्यांची. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावा असे वाटत असेल तर एका मीटरला २५० ठिपके लागतात, असा या धंद्यातला मान्य निकष आहे. भागाकार करा. साडेसात-पावणेआठ मीटर रुंदीचा तुकडा, बस्स. तीनशे गाड्या उभ्या राहणाऱ्या आवारातला एका गाडीएवढा तुकडा. आणि पूर्ण आवार दिसेल असा मागे खेचला तर शंभर मीटरवर मीटरला सतरा-अठरा ठिपके उरतात. त्यात माणूस आहे एवढे कळते. मापाडी कोण, अडत्या कोण, हे कळत नाही. फिरता कॅमेरा म्हणजे राखणदाराच्या हातातली बॅटरी. जिकडे मारली तिकडे उजेड, बाकी काळोख. राखणदाराने बॅटरी कुठे मारायची हे ज्याने ठरवायचे तोच मालक.

म्हणून काट्यापाशी फिरता कॅमेरा नको, स्थिर हवा. साधा, स्वस्त, एकाच जागी डोळा रोखून बसणारा. आकडे दाखवणाऱ्या फळीपासून तीन मीटरवर, चित्रात तीन मीटर रुंदी बसेल असा लावला तर मीटरला ६४० ठिपके मिळतात. तीन सेंटीमीटर उंचीचा आकडा त्यात स्पष्ट वाचता येतो. एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. काट्याचे लाल आकडे डोळ्याला सलग दिसतात, प्रत्यक्षात ते फार वेगाने उघडझाप करत असतात. कॅमेऱ्याचा शटर जोरात चालत असला तर चित्रात आकडा अर्धाच उमटतो. ८ चा ३ दिसतो. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधून घ्यावा आणि बसवणाऱ्याला तिथेच चित्र दाखवायला लावावे. दुसरा स्थिर कॅमेरा भुईकाट्याच्या पूर्ण फळीवर, म्हणजे रिकाम्या वजनाच्या वेळी कोण उभे आहे ते दिसेल. तिसरा ओलावा मोजण्याच्या टेबलावर. ज्वारीच्या पोत्यांसाठी छोट्या काट्यावर चौथा. एवढे झाल्यावर पैसे उरले तर खुशाल फिरता घ्या आणि फाटकावर, चोरीच्या राखणीसाठी ठेवा. तिथे त्याचे काम आहे. तो घेताना झूम भिंगाचा आहे ना, ते विचारा. नुसता आकड्यांचा झूम म्हणजे फोटो ताणून मोठा केलेला. त्याने नवीन काही दिसत नाही.

(ज्वारीत रानडुक्कर येते म्हणून वावरात फिरता कॅमेरा लावा असे सांगणारेही भेटतात. कॅमेरा डुकराचा फोटो काढील, डुक्कर काही हुसकणार नाही.)

आता तारेची गोष्ट. ही आपल्याला इंजिनिअरइतकीच कळते, कारण विहिरीवरच्या मोटारीने शिकवलेली आहे. लांब अंतर आणि पातळ केबल, की मोटार गुरगुरते आणि जळते. कॅमेऱ्याचे तेच. बारा व्होल्टचा, दोन अँपिअर ओढणारा फिरता कॅमेरा शंभर मीटरवर एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडला, तर जाऊन-येऊन दोनशे मीटर तारेत सात व्होल्ट खपतात. कॅमेऱ्यापाशी पाच पोचतात. म्हणून आता नेटवर्कच्या केबलमधूनच अठ्ठेचाळीस व्होल्टच्या आसपास वीज देतात. तिथेही गोम आहे. साध्या स्विचचा एक फाटा १५.४ वॅट देतो. स्थिर कॅमेऱ्याला पुरतो. फिरत्याला तीस वॅटचा फाटा लागतो, काहींना साठचा. कमी पडला तर दिवसभर कॅमेरा नीट चालतो आणि रात्री अंधारातले दिवे लागले, मोटार फिरली, की बंद पडून पुन्हा सुरू होतो. बसवणारा दुपारी दाखवून बिल घेऊन जातो. म्हणून ताबा रात्री घ्यावा, दिवे लावून आणि कॅमेरा फिरवून.

नेटवर्कच्या केबलची मर्यादा शंभर मीटर. त्यापुढच्या खांबाला काचेच्या धाग्याची केबल टाकावी. तिचा दुसरा फायदा म्हणजे तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे खांबाजवळ पडलेली वीज त्या वाटेने रेकॉर्डरपर्यंत येत नाही. कापूस-ज्वारीच्या मुलखात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात ते सांगायला नको. खांबाला स्वतंत्र अर्थिंग, पुरवठ्याच्या तारेवर सर्ज रोखणारे यंत्र, आणि विजेची तार व चित्राची तार वेगळ्या पाइपातून, एवढे टेंडरमध्ये लिहिलेले असलेच पाहिजे. आणि केबल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते, तिचा रोध दीडपटीच्या वर. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी निघाली तर गठ्ठा परत करा.

लोडशेडिंगचे काय? स्विच, रेकॉर्डर आणि कॅमेरे सगळे एकाच इन्व्हर्टरवर हवेत. नुसता रेकॉर्डर चालू आणि कॅमेरे बंद, अशी सोय आम्ही एका आवारात पाहिली आहे. चार स्थिर आणि एक फिरता मिळून शंभर वॅटचा भार धरा, १५० अँपिअर-तासाची बॅटरी दहाएक तास काढते.

एवढे सगळे सरळ झाले तरी खरा प्रश्न उरतोच. चित्र कोण पाहतो? बसवणारा कारागीर जाताना संचालकांच्या, सचिवांच्या आणि ओळखीच्या दोन अडत्यांच्या फोनवर थेट चित्र चालू करून देतो. कारखान्याचा पासवर्ड तसाच राहतो. लिलावाच्या आधी फाटकावर गाड्या किती लागल्या, कापूस पांढरा आहे की कवडीचा, हे व्यापाऱ्याला गादीवर बसून दिसते. गाडीत बसलेल्या शेतकऱ्याला पुढे कोण आहे तेही कळत नाही. आवक फुगलेली दिसली की बोली उतरते. आपल्याच मालावरच्या सेसमधून घेतलेला कॅमेरा आपलाच भाव पाडायला उपयोगी पडतो. (सेस व्यापारी भरतो, हे कागदावर. बोली लावताना तो भावातून वजा करूनच बोलतो.) पहारा शेतकऱ्यावर बसवायची सवय या व्यवस्थेला जुनी आहे. १९७१ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली तेव्हा राज्याच्या सीमेवर नाके बसले ते शेतकऱ्याचा कापूस अडवायला. काट्यावर कोणी नाका बसवला नाही.

तेव्हा मागणी नेमकी करावी. थेट चित्र एकतर कोणालाच नाही, नाहीतर फाटकावर मोठ्या पडद्यावर सगळ्यांना. काट्याच्या आणि ओलाव्याच्या टेबलाच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवावे. जागा लागते, पण ती अशक्य नाही. सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २२ जीबी, चार कॅमेऱ्यांचे नव्वद दिवसांचे आठ टीबीच्या आत. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात पोलीस ठाण्यांना अठरा महिने रेकॉर्डिंग ठेवायला सांगितले आहे. बाजार समितीला तीन महिने जड जाऊ नयेत. रेकॉर्डरचे घड्याळ आणि काटापट्टीवरची वेळ मिनिटाला जुळली पाहिजे, नाहीतर कुठले वजन कुठल्या गाडीचे हे सिद्ध होत नाही. कॅमेरे जुन्या साठ्यातले गळ्यात मारू देऊ नयेत. एप्रिल २०२५ पासून तयार किंवा आयात होणाऱ्या सीसीटीव्हीला केंद्राने सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे, तिचा दाखला मागावा. आणि काटाच खोटा असेल तर कॅमेरा खोटे वजनच इमानाने टिपतो, म्हणून वैधमापनाचा शिक्का आणि वीस किलोची वजने काट्यापाशी हवीतच.

बाजार समिती कायद्याने स्थापन झालेली आहे. माहिती अधिकार कायदा २००५ खाली रेकॉर्डिंगची नक्कल मागता येते. भांडण कोर्टात जाणार असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे दाखलाही त्याच अर्जात मागावा. अर्ज वजनाच्या दिवशीच द्यावा, काटापट्टीचा नंबर, गाडीचा नंबर आणि वेळ घालून, आणि पोच घ्यावी. रेकॉर्डर जागा भरली की जुने पुसतो, त्याला आपल्या भांडणाची खबर नसते. अर्जाचा नमुना जिल्हा बैठकीत वाटायला ठेवला आहे. प्रत्येक तालुक्याने आपल्या आवारात कॅमेरे किती, कुठे रोखलेले आणि रेकॉर्डिंग किती दिवसांचे, हे पाहून त्याची यादी बैठकीला घेऊन यावी.