झुकणं थांबलं, उलटणं नाही

म्हैसूरकडच्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉसला एकाच दिवसात दोन तऱ्हेचे रस्ते कापावे लागतात. १२ मार्च २०२३ला उद्घाटन झालेल्या बेंगळुरू–म्हैसूर महामार्गावर काटा शंभरला टेकतो. पुढे हुणसूर, कुशालनगर मागे पडलं की मडिकेरीची चढणीची वळणं आणि कॉफीच्या मळ्यांतला चिखल. चिखलासाठी दोन इंच उचललेली, ३३ इंची टायर चढवलेली गाडी वळणावर अंग टाकते आणि मालक गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, "एवढं झुकणं घालवा."

आपल्यापैकी बरेच जण लगेच कडक शॉक ॲब्झॉर्बर सुचवतात. शॉकनं गाडी सावकाश झुकते, पण लांब वळणात शेवटी झुकते तेवढीच. झुकणं अडवतो तो स्टॅबिलायझर बार. त्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे २५ मि.मी.च्या जागी २८चा बार बसवला तर जवळपास ५७ टक्के. मात्र त्याआधी लिंक पाहा. उचललेल्या गाडीत जुन्याच लिंकवर बारचे हात खाली लोंबत असतील, तर लांब लिंक घालून ते पूर्वीसारखे आडवे आणा. मागे कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड असेल तर आणखी एक गोष्ट. बॉडी ५० मि.मी. वर जाते, पण रॉडचं एक टोक ॲक्सललाच असल्यानं त्याचा मध्य २५च वर येतो. झुकवणारी तरफ तेवढी लांबते. ॲक्सलवरचा ब्रॅकेट उंच केला की ती पुन्हा आखूड होते.

एवढं केलं की गिऱ्हाईक खूश. आम्हाला काळजी वाटते ती इथून पुढची.

गाडी उलटणार की नाही, हे मुख्यतः चाकांमधलं निम्मं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतं. समजा अंतर १५४० मि.मी. आणि उंची ७००, गुणोत्तर १.१०. लिफ्ट आणि टायर मिळून उंची ८०नं वाढली की ते ०.९९वर येतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २००१मध्ये याच गुणोत्तरावरून तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा १.०३ किंवा त्याखालच्या गाडीला एकच तारा होता. जाड बारानं हा आकडा तसूभरही सुधारत नाही. उलट, झुकणं ही चालकाला मिळणारी सूचना असते, तीच आपण काढून घेतो. सपाट वळणारी उंच गाडी त्याला वेग वाढवायचा धीर देते.

म्हणून आमचा आग्रह आहे की काम हाती घेण्यापूर्वी उंचीचा हिशेब मालकासमोर मांडावा. टपावरचं कॅरिअर आणि डबे उतरवायला सांगावं. कायदाही सांगावा: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये म्हटलं आहे. आणि ३३ऐवजी ३१ इंची टायर चालतील का, हे जरूर विचारावं. तेवढ्यानंच सगळी गाडी २५ मि.मी. खाली येते.