नव्या शहरातले पहिले तीन महिने

गणपतीचे दिवस संपत आले की धामापूरसारख्या मालवण तालुक्यातल्या गावात एक दृश्य ओळखीचे असते. विसर्जन करून रिकामा पाट घेऊन माणसे घाटी चढत असतात. गावात राहिलेला थोरला भाऊ गप्पा मारत वर येतो. मुंबईहून किंवा दुबईहून आलेला धाकटा मात्र वाटेत दोनदा थांबतो, कमरेवर हात ठेवून दम घेतो. ‘शहराचे पाणी लागले’ असे म्हणून सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये. एकाच आईच्या हाताखाली, एकाच चुलीवरचे जेवण जेवून वाढलेल्या दोन भावांच्या शरीरांत गाव सोडल्यावर काय फरक पडतो, हा प्रश्न भारतातल्या संशोधकांनी अगदी याच पद्धतीने विचारला आहे. २००५ ते २००७ या काळात लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरू इथे ‘इंडियन मायग्रेशन स्टडी’ हा अभ्यास झाला. खेड्यातून येऊन कारखान्यात लागलेल्या कामगारांना गावी राहिलेल्या एखाद्या भावाला किंवा बहिणीला तपासणीसाठी बोलवायला सांगितले गेले. सुमारे साडेसहा हजार लोकांची तपासणी झाली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावात राहिलेल्या पुरुषांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, तर शहरात आलेल्यांत १४ टक्के. लठ्ठपणा गावात १९ टक्के, स्थलांतरितांत जवळपास ३८ टक्के. शहरात मुरलेल्यांची बरोबरी करायला खेड्यातून आलेल्यांना एक पिढीसुद्धा लागली नव्हती.

याच अभ्यासातून पुढे आलेली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शहरात आल्यावर शरीरातली चरबी पहिल्या दहा वर्षांतच झपाट्याने वाढते. रक्तदाब आणि इन्सुलिन मात्र सावकाश, वर्षानुवर्षे चढत जातात. म्हणजे नुकसान सुरू होते तेव्हा तपासणीच्या कागदावर काहीच दिसत नाही. पंचविशीत गाव सोडलेल्या माणसाला पहिली गोळी चाळिशीत लागते आणि तो दोष वयाला देतो.

यात आहाराचा वाटा आहेच. शहरात तेल-तूप वाढते, बाहेरचे खाणे वाढते. पण हालचालीचे गणित वेगळे आणि अधिक फसवे आहे. गावात व्यायाम करणारी माणसे फारशी नसतात. विहिरीवरून पाणी आणणे, मळ्यात जाणे, सड्यावर गुरे नेणे, बाजारासाठी एसटीच्या थांब्यापर्यंत चालणे, याला कोणी व्यायाम म्हणत नाही. तो कामाच्या पोटात दडलेला असतो. महाराष्ट्रासह काही राज्यांत झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले. फावल्या वेळात मुद्दाम व्यायाम करणारे दहांत एकही नव्हते. अशा समाजातला माणूस काम बदलून शहरात जातो, तेव्हा त्याच्याकडून व्यायाम सुटत नाही. तो कधी केलेलाच नसतो. सुटते ती ये-जा. घर ते लिफ्ट, लिफ्ट ते गाडी, गाडी ते खुर्ची, आणि संध्याकाळी भाजीसुद्धा दारात.

गावाचेही फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच पाहणीत ग्रामीण भागातलेही निम्मे लोक कमी हालचाल करणारेच निघाले. दारात दुचाकी आली की वाडीतल्या दुकानापर्यंतही कोणी चालत नाही. थोरल्या भावाची घाटीवरची आघाडी कायमची नाही. पण शहरात जाणाऱ्याचे सगळे एकदम सुटते, एका तिकिटात.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे संकल्प. परदेशी पोचल्यावर महिन्याभरात महागडे बूट घेतले जातात, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ येते आणि सुट्टीच्या दिवशी एकदम दहा किलोमीटर पळणे होते. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागते, चौथ्यात ऑफिसचे काम वाढते आणि बूट पलंगाखाली जातात. दुबईच्या वाळवंटात अल कुद्रा येथे ऐंशीहून अधिक किलोमीटरचा, मोटारींपासून वेगळा असा सायकलमार्ग आहे. मार्ग उत्तम आहे, पण शहराच्या वस्तीतून तिथे पोचायला बहुतेकांना सायकल गाडीत टाकून न्यावी लागते. ती सुट्टीची सहल झाली. सहलीने मन प्रसन्न होते; सोमवार ते शुक्रवारचे बसणे तसेच राहते.

म्हणूनच नव्या शहरात गेलेल्या माणसाने पळण्याचा कार्यक्रम आखण्याआधी आपल्या रोजच्या वाटा आखाव्यात. आणि हे पहिल्या तीन महिन्यांतच करावे.

तीन महिने हा आकडा हवेतला नाही. इंग्लंडमधल्या पीटरबरो शहरात मानसशास्त्रज्ञ बास फेरप्लांकेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने आठशे घरांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांतले लोक नुकतेच राहायला आलेले होते, निम्मे जुने. प्रवास, वीज, पाणी यांच्या सवयी बदलण्यासाठी दोघांनाही सारखीच माहिती आणि मदत दिली गेली. बदल नव्याने आलेल्यांत अधिक झाला आणि ही अनुकूलता घर बदलल्यानंतर साधारण तीन महिने टिकली. कारण समजण्यासारखे आहे. सवय इच्छाशक्तीवर कमी आणि ठरलेल्या जागा-वेळांवर जास्त उभी असते. जागा बदलली की जुनी सवय निराधार होते. तिच्या जागी काय बसते ते लवकर ठरते आणि मग पक्के होते. पहिल्या आठवड्यात ‘तूर्त टॅक्सीने जाऊ’ असे ठरवलेला माणूस पाच वर्षांनीही टॅक्सीनेच जात असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. ती एका वेळी किमान दहा मिनिटे सलग असावी, ही जुनी अट आता राहिलेली नाही. हिशेब सोपा आहे. कामाला जाताना पंधरा मिनिटे भरभर चालणे किंवा सायकल, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस: झाली दीडशे मिनिटे. वेगळा वेळ काढावा लागला नाही, पहाटेचा गजर लावावा लागला नाही. याचा परिणाम किती खोल असतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवले होते. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. ते वाहक कोणत्याही व्यायामशाळेत जात नव्हते. ते तिकिटे फाडत होते.

त्यामुळे नव्या शहरात घर शोधताना भाड्याइतकाच विचार या गोष्टीचा व्हावा: कामाची जागा, मेट्रोचे स्थानक, वाणसामानाचे दुकान यांपैकी कोणते अंतर पायी किंवा सायकलने होईल? पळणे त्यानंतर जोडावे, आणि तेही घराच्या दारातून सुरू होणारे असावे.

इथे हवामान मध्ये येते. कोकणातला माणूस उकाड्याला सरावलेला असतो, हे खरे. तरीही वातानुकूलित खोलीत काही आठवडे काढले की तो सराव उतरतो. श्रम करताना स्नायू वापरतात त्या ऊर्जेतला साधारण पाव किंवा त्याहून कमी हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो; उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम, पण घाम गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणूनच आखाती किनाऱ्यावरच्या उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही पळणे जड जाते. सायकलवर वाऱ्यामुळे बरे वाटते, पण सिग्नलला थांबताच सगळी उष्णता अंगावर येते.

शरीर हे शिकू शकते, मात्र त्याला दिवस लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खोल खाणींत दुरून आलेले नवे मजूर उष्माघाताने दगावू लागले, तेव्हा १९२० आणि ३० च्या दशकांत यावर पद्धतशीर काम सुरू झाले. पहिल्या चार-सहा दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, नाडीचा वेग खाली येतो. पुढे घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते. सगळी जुळणी व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. अमेरिकेत कामगारांसाठीचा सल्ला असा आहे की उष्ण जागी नव्याने आलेल्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या वीस टक्केच काम करावे आणि रोज वीस टक्क्यांनी वाढवावे. पळणाऱ्यानेही हाच नियम धरावा. श्रम किती, याची खूण सोपी आहे: बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. तहानेप्रमाणे पाणी प्यावे. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसते पाणी पिण्याने रक्तातले सोडियम घसरू शकते. आणि पळता पळता कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा समजू नये. त्याला सावलीत घेऊन अंगावर थंड पाणी ओतत वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. थंड करणे आधी, नेणे नंतर.

दुसरा धोका रस्त्याचा. आखातात, अमेरिकेत, युरोपच्या बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात. आयुष्यभर आधी उजवीकडे पाहून रस्ता ओलांडणाऱ्याची मान चुकीच्या बाजूला वळते. पहिले काही दिवस प्रत्येक चौकात थांबून दोन्ही बाजूंना पाहणे, हा कमीपणा नव्हे. पदपथ नसेल तर पळणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळावे. सायकल मात्र वाहनांच्याच दिशेने चालवावी.

हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. बांधकामावर दिवसभर राबणाऱ्या मजुराला सायंकाळी पळायला सांगणे ही थट्टा आहे. त्याची गरज सावली, पाणी आणि विश्रांतीची आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी आहे, ती त्याच्यासाठीच. दुसऱ्या टोकाला नोकरदारासोबत गेलेली पत्नी असते. नवऱ्याला निदान ऑफिसपर्यंतचा रस्ता मिळतो. तिची शेजारपाजार, बाजार, देऊळ, सगळीच ये-जा तुटलेली असते. तिच्या वाटा आखण्याचा विचार घरात सर्वांत शेवटी होतो. तो पहिल्या आठवड्यात व्हावा. मुलांना शाळेत पायी सोडणे, चालणाऱ्या मैत्रिणींचा गट, दुकानाची फेरी, काहीही चालेल. पण ठरलेली वेळ आणि ठरलेली वाट हवी.

माणसाने वाटा आखायच्या तर वाटा असायलाही हव्यात. कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कंपन्या व्हिसा, बँक खाते, घर यांची माहिती देतात. कामावर चालत कसे यायचे, हे त्या यादीत क्वचितच असते. कामाच्या जागी सायकल लावायला जागा आणि घाम धुवायला न्हाणीघर दिले तर व्याख्यानांची गरज कमी होईल. हेच इकडेही लागू आहे. कोकणातले रस्ते अरुंद आणि वळणांचे. पावसाळ्यात तर सायकलवाल्याला कडेला उतरायला चिखलाशिवाय जागा नसते. रस्ता रुंद करताना डांबर वाढते, पायी चालणाऱ्याची कड वाढत नाही. शाळेत जाणारी मुले त्याच रस्त्यावर असतात, आणि पुढे गाव सोडणारीही तीच.

धामापूरचा तलाव १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधल्याचे सांगितले जाते. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. सुट्टीत आलेला चाकरमानी भगवतीचे दर्शन घेतो, तलावाचे फोटो काढतो आणि गाडीत बसतो. तिथे गाडी घरी ठेवून पायी जाता आले, तर निदान सुट्टीत तरी जुनी वाट पायाखाली येईल. परतीच्या पिशवीत कोकम, कुळथाचे पीठ आणि फणसपोळी भरली जाते, कारण जिभेला गाव विसरू द्यायचे नसते. पायांचीही तेवढीच आठवण ठेवली, तर पुढच्या गणपतीत दोन्ही भाऊ बोलत बोलत घाटी चढतील.