नाणेघाटातला रांजण आणि कचेरीतला संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. विंडोज-११ घ्यावी, तर तिच्या अटींत आठ-दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. जुन्नर-आंबेगावातील शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि आपली कार्यालये यांना हा प्रश्न आता टाळता येणार नाही. यंत्र धडधाकट आहे, तरी ते भंगारात काढावे, असे दूरची एक कंपनी ठरवते. उत्पादनसाधनाचे आयुष्य मक्तेदाराने ठरवावे, हा भांडवलाचा जुनाच खाक्या आहे.

अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली विनापरवाना-शुल्क उत्तम चालते. कार्यकर्ता अडतो तो विंडोजसाठीच लिहिलेल्या सॉफ्टवेअरपाशी. आपली कितीतरी पत्रके, स्मरणिका व शिबिरांचे अहवाल पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत जुळवलेले आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची! तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. नाणेघाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, त्यात पूर्वी जकात टाकीत असत, असे सांगतात. तेथला दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आज वाचता येतो; पंचवीस वर्षांपूर्वीची आपली स्मरणिका मात्र रांजणात नाणे टाकल्यावाचून उघडत नाही.

यावर पहिला उपाय ‘वाईन’चा. १९९३ पासून विकसित होत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर दुभाष्याचे काम करते. विंडोजचा प्रोग्राम जे मागतो, ते लिनक्सच्या भाषेत सांगून मिळवून देते. विंडोज विकत घ्यावी लागत नाही, स्मृतीही फार लागत नाही. छोट्या, जुन्या प्रोग्रामांसाठी आधी हेच करून पाहावे. परंतु दुभाष्याला प्रत्येक शब्द येतोच असे नाही. काही मराठी पॅकेजांना यूएसबीत खोचण्याचे कुलूप असते. तेथे वाईन बहुधा हात टेकते.

अशा वेळी व्हर्च्युअल मशीन घ्यावे. लिनक्सच्या घरात संपूर्ण विंडोज पोटभाडेकरू म्हणून राहते. तिचा परवाना लागतोच, आणि चार जीबी स्मृतीच्या संगणकाला हे ओझे पेलत नाही. आठ तरी हवी. मात्र या भाडेकरूचे इंटरनेट तोडता येते, यूएसबीचे कुलूप त्याच्या स्वाधीन करता येते, आणि जुनी विंडोज जुन्या पेजमेकरसह सुरक्षित कोंडून ठेवता येते. जुन्या छपाईच्या कामासाठी माझे मत निःसंदिग्धपणे याच बाजूने आहे.

एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवून सुरू करताना निवड करण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. व्यवहारात माणसे सवयीने विंडोजच उघडतात, आणि देखभाल संपलेली प्रणाली पुन्हा इंटरनेटला जोडली जाते.

पतसंस्थांचे हिशेब ही वेगळी बाब. तेथील सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल याची हमी विक्रेता लेखी देत नसेल, तर एक नवा विंडोज संगणक घ्यावा. त्यात कमीपणा नाही. ठेवीदारांच्या पासबुकावर तत्त्वाचे प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

बाकीच्या कामासाठी प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्र खर्च करणे हा अपव्यय आहे. नारायणगावला एक आणि मंचरला एक, असे पुरेशा स्मृतीचे दोन संगणक वर्गणीतून उभे करावेत. दोन्ही तालुक्यांतील जुन्या फाइली तेथे आणून उघडाव्यात, त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि मूळ फाइलीही जपाव्यात. हे न करता नुसते वाईन बसवले, तर परावलंबन दहा वर्षे पुढे ढकलले जाईल, एवढेच. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासणारी माणसे लागतील. निवृत्त शिक्षकांची आपल्याकडे वाण नाही. त्यांना या पावसाळ्यापूर्वीच गाठावे.