जबरी चोरीला शिक्षा किती? इंग्लंडच्या कोर्टातलं गणित आणि इन्साफाचा सवाल

2025 च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये एका नियमावरून मोठा वाद पेटला. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीच्या घरच्या-सामाजिक परिस्थितीचा अहवाल मागवता येतो. वांशिक आणि धार्मिक अल्पसंख्याक, स्त्रिया, 18 ते 25 वयाचे तरुण यांच्याबाबत तो सहसा मागवावा, असं तिथल्या सेंटेन्सिंग कौन्सिलने सुचवलं. तेव्हाच्या न्यायमंत्री शबाना महमूद स्वतः मुस्लिम. त्यांनीच विरोध केला: कायद्यापुढे सगळे सारखे. नियम थांबला, आणि पुढे संसदेने कायदा करून ती वाटच बंद केली.

कोण बरोबर? त्यासाठी तिथे शिक्षा ठरते कशी, ते पाहायला हवं. जबरी चोरीचंच उदाहरण घेऊ.

1968 च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे चोरीसाठी बळ वापरलं किंवा मारहाणीचा धाक घातला की ती जबरी चोरी. साध्या चोरीला जास्तीत जास्त 7 वर्षं, हिला थेट जन्मठेपेपर्यंत. पण न्यायाधीश मनाला येईल तो आकडा सांगत नाहीत. एप्रिल 2016 पासून त्यांच्यापुढे तक्ता आहे. त्यात दोन प्रश्न: आरोपीचा दोष किती आणि समोरच्याचं नुकसान किती? रस्त्यावर चाकू दाखवून लुटलं आणि गंभीर इजा झाली, तर हिशेब 8 वर्षांपासून सुरू होतो. दोष आणि नुकसान दोन्ही कमी असेल तर 1 वर्षापासून. घरात घुसून केलेल्या सर्वांत गंभीर लुटीला सुरुवातच 13 वर्षांची.

मग आकडा वर-खाली होतो. जुने गुन्हे असतील तर वाढ. धर्म किंवा वंशाच्या द्वेषातून गुन्हा केला असेल तरी वाढ, आणि न्यायाधीशांना ते भर कोर्टात सांगावं लागतं. कोवळं वय, खरा पस्तावा यामुळे घट. पहिल्याच टप्प्यावर गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट, म्हणजे 8 वर्षांची 5 वर्षं 4 महिने.

आता अहवालाकडे या. अहवाल म्हणजे सूट नव्हे, ती फक्त माहिती. अल्पसंख्याकांना न्यायव्यवस्थेत वेगळी वागणूक मिळते, हे 2017 च्या लॅमी अहवालाने तिथे मांडलंच होतं. म्हणून कौन्सिलची काळजी खोटी नव्हती. पण माझ्या मते अहवालाचं कारण आरोपीची परिस्थिती असावी, त्याचा धर्म नव्हे. नाहीतर 'यांना वेगळा कायदा' ही ओरड होते आणि त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या मुलांनाच मोजावी लागते. कोणाहीबाबत अहवाल मागवायचा न्यायाधीशांचा अधिकार आजही शाबूत आहे.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 309 मध्ये जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर महामार्गावर केली तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्या मर्यादेत नेमका आकडा कसा काढायचा, याचा असा तक्ता नाही. 2003 मध्ये मलिमथ समितीने तशी शिफारस केली होती. मागणी करायचीच तर ती करू या: सवलत नको, शिक्षेचं कारण सगळ्यांना दिसेल असं लिहून द्या.