तीन दिवस, एक शहर

ऑनसाईट आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट असते. 'युरोप_फायनल_७' वगैरे नावाची. उभ्या रकान्यात तारखा, शेजारी शहरं, आणि पुढे '१०:०० ते १०:४५ कोलोसियम' असले तपशील. वर्षभर डेडलाईनच्या नावाने बोटं मोडणारे आपण, सुट्टीला मात्र स्वतःहून डेडलाईन लावून घेतो. का, ते देव जाणे!

तर मंडळी, या वीकांताचं माझं मत थोडक्यात असं: पहिल्यांदाच युरोप बघणाऱ्या माणसाकडे थोडे दिवस असतील तर त्याने एकच शहर बघावं. आणि त्या शहरातही दिवसाला एकच ठरवून बघायची गोष्ट ठेवावी. बाकी रिकामं.

हा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे येत्या ऑक्टोबरात आई-बाबा कोल्हापूरहून माझ्याकडे जर्मनीला येताहेत. दोघांचा हा पहिला परदेश प्रवास, आणि बाबांच्या गुडघ्याची एकूण तक्रार बघता कदाचित शेवटचाही. म्हणूनच टीममधल्या सगळ्यांचा आग्रह, की "अरे, परत कधी येणार ते? पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम सगळं उरकून टाक."

'परत कधी येणार' हा मुद्दा खोटा नाही. व्हिसाची फी २०२४ पासून माणशी ९० युरो झालीय, शिवाय विमान, विमा आणि कागदपत्रांची ती जाडजूड फाईल. एवढं करून आलोय तर चार गोष्टी जास्त बघाव्यात असं वाटणारच. पण जरा हिशोब करू. दहा दिवसांत सात शहरं म्हणजे सहा वेळा मुक्काम हलवणं. हॉटेल सोडा, बॅगा ओढा, स्टेशन गाठा, नवं हॉटेल शोधा, खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळत बसा. एका हलवाहलवीत अर्धा दिवस सहज जातो. सहा वेळचे झाले तीन दिवस. म्हणजे सात शहरांच्या नादात एका अख्ख्या शहराचा वेळ आपण प्लॅटफॉर्मवर घालवतो. परत कधी येणार नसू, तर हे जास्तच परवडत नाही.

आम्ही रोम निवडलंय. त्याला कारण आई. ती शाळेत इतिहास शिकवायची, आणि दरवर्षी पोरांना टाऊन हॉल म्युझियममध्ये न्यायची. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पॉसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातला माल पंचगंगेच्या काठापर्यंत पोचत होता, याचा पुरावा. जिथून ते जग चालायचं ते गाव बघायचंय, एवढंच तिचं म्हणणं. सात शहरांच्या यादीत या म्हणण्याला पाऊण तास मिळाला असता.

आता प्लॅन. गुरुवारी दुपारी पोचणं, रविवारी सकाळी परत. शुक्रवार-शनिवार-रविवार असा नेहमीचा हिशोब मुद्दाम टाळलाय, कारण महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद असतात. आणि त्या शेवटच्या रविवारी प्रवेश फुकट, म्हणजे गर्दीचं काय ते समजून घ्या :)

गुरुवारी काहीही बुक केलेलं नाही. फ्युमिचिनो विमानतळावरून टेर्मिनी स्टेशनला थेट गाडी ३२ मिनिटांत नेते. संध्याकाळी फक्त चालायचं. पिआत्सा नवोना, पँथिऑन, ट्रेव्ही कारंजं हे सगळं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. हॉटेल थोडं महाग पडलं तरी याच भागात घ्यावं असं माझं मत. बाबा दमले तर खोलीवर जाऊन तासभर पडता आलं पाहिजे. स्वस्त हॉटेलात वाचवलेले पैसे गुडघ्यातून वसूल होतात, कारण रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडांची ओबडधोबड फरसबंदी आहे.

शुक्रवारी कोलोसियम, सकाळचं पहिलं तिकीट. एकाच तिकिटात फोरम आणि पॅलाटाईन टेकडीही येते. तिकीट नावावर असतं, त्यामुळे पासपोर्ट खिशात हवा. टेकडी बाबांसाठी ऐच्छिक! दुपारी उशिरा जवळच्याच सान क्लेमेंते चर्चमध्ये. (दुपारच्या वेळी बरीच चर्चेस बंद असतात, वेळ बघून जावं.) हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण होणार असं आत्ताच वाटतंय. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलात की त्याच्याखाली चौथ्या शतकातलं चर्च, आणि त्याच्याही खाली मिथ्र देवाचं रोमन काळातलं ठाणं. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. जुनी सिस्टीम कोणी बंदच केली नाही, वरती नवीन चढवत गेले.

सगळं रोमच तसं आहे. नवोना चौक असा लांबट का? तर तो डोमिशियन सम्राटाच्या स्टेडियमच्या पायावर उभा आहे. मेट्रोची सी लाईन खोदताना पावलोपावली अवशेष निघाले आणि काम रखडलं. २०१८ मध्ये उघडलेल्या सान जोव्हान्नी स्टेशनात तर त्या वस्तू तिथेच मांडून ठेवल्यात. हे सगळं कळायला एखाद्या चौकात निवांत उभं राहावं लागतं. पाऊण तासाच्या चौकोनात फक्त फोटो बसतो.

शनिवारी व्हॅटिकन. आधी बुक केलेली वेळ, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, आणि सिस्टीन चॅपलमध्ये कॅमेरा बंद. मायकेलअँजेलोला ते छत रंगवायला १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं लागली. निदान पंधरा मिनिटं मान वर करून बघायला हरकत नसावी.

काय सोडलं? बोर्गेझे गॅलरी, भूमिगत दफनभूमी, आणि पाँपेईची एका दिवसाची धावपळ. हे लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू? पण तीन दिवसांचा प्लॅन म्हणजे मुळात सोडायच्या गोष्टींची यादी. ती घरी बसून शांतपणे केली नाही, तर तिथे दमून, चिडून, एकमेकांवर डाफरत करावी लागते. आई-बाबांबरोबरच्या तीन दिवसांत मला ते नकोय.

तेव्हा तुमची शीट उघडा आणि निम्म्या ओळी उडवा. मग उरलेल्यांतलं ज्याला वेळेचं तिकीट लागतं तेवढं महिनाभर आधी बुक करा. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याची बाटली घेऊन चालत सुटा. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ आहेत, दिवसरात्र वाहणारे आणि फुकट. बाबांनी तेवढं ऐकूनच शहर पास करून टाकलंय.