सांभाळा, व्होल्टेज रुसलंय!

बालदोस्तांनो, पेण-रोह्याच्या पावसात दिवा लुकलुकला तर आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. पण कधी असं पाहिलंत का, की आपला दिवा एकाएकी झगझगीत झाला आणि त्याच वेळी शेजारच्या काकूंचा मिणमिणायला लागला? असं दिसलं की मोठ्यांना हाक मारा आणि मेन स्विच लगेच बंद करायला सांगा.

का म्हणाल, तर रस्त्यावरच्या डीपीतून चार तारा निघतात. तीन फेजच्या, चौथी न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये मात्र ४००! आपल्या घरात येते एक फेज आणि न्यूट्रल. काकूंकडे बहुधा दुसरी फेज. आता वादळात न्यूट्रल तुटली, तर काय होईल? परतीची वाटच बंद. मग वीज आपल्या घरातून काकूंच्या घरात अशी धावते आणि ते ४०० व्होल्ट दोन घरांत वाटले जातात. वाटणी कशी? ज्याच्याकडे इस्त्री, पंप चालू आहे त्याला थोडे. ज्याच्याकडे एकच दिवा त्याला जास्त. काटकसर करणाराच मार खातो! अन्यायच, पण विजेला कोण सांगणार?

‘मग फ्यूज आहे ना?’ असं वर्गात हमखास विचारतात. अहो, फ्यूजला व्होल्टेज कळत नाही, त्याला कळतो फक्त प्रवाह. टीव्ही आतून जळेपर्यंत तो स्वस्थ बसतो. म्हणून मीटरच्या बोर्डावर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यावर वीज तोडणारं उपकरण लावतात. घरी साधारण २१६ ते २४४ व्होल्ट यावेत, असा नियम आहे. शिवाय न्यूट्रल डीपीपाशी जमिनीत अर्थ केलेली असते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओततात ते उगीच नव्हे, कोरडी माती वीज नीट घेत नाही.

कमी व्होल्टेजही तितकंच वाईट, बरं का! पेणच्या गणपती कारखान्यांत रंग फवारायला कॉम्प्रेसर असतो. व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुमते, फिरत नाही. त्या स्थितीत ती भरमसाट प्रवाह ओढते, तापते आणि तिची वाइंडिंग जळते. ऐन हंगामात असं झालं तर मूर्ती रंगाविना बसून राहतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं रायगडात विजेचे खांब आडवे केले, पुष्कळ गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. गणेशचतुर्थी तेव्हा अवघ्या ८० दिवसांवर होती!

वीज परत येते तेव्हाही जपायला हवं. सगळ्या गावाचे पंप, फ्रिज एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं. त्यामुळे अगोदर एक दिवा लावून ठेवा. तो स्थिर जळतोय असं दिसलं, की पाचेक मिनिटांनी फ्रिज लावायला सांगा. तेवढ्यात त्याच्या कॉम्प्रेसरमधला दाबही उतरलेला असतो.